बागेत जाऊनही शहर सुटत नाही, तर काय चुकतं?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे. सहा दिवस ऑफिस, उरलेला वेळ घर. घरापासून दहा मिनिटांवर बऱ्यापैकी मोठी बाग आहे. ‘बागेत जात जा, बरं वाटेल’ असं सगळेच सांगतात, म्हणून दर रविवारी संध्याकाळी तासभर जाते. हेडफोन लावून पाच फेऱ्या मारते, मग फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिलेले मेसेज बघते आणि गेले तशीच थकून परत येते. कुंपणापलीकडून सतत हॉर्न ऐकू येतात. एकटी बसले की कुणीतरी आपल्याकडे बघतंय असंही वाटत राहतं. खरी सुटका डोंगरात नाहीतर समुद्रावर गेल्यावरच मिळते, बाग म्हणजे नुसती मनाची समजूत, असं माझं मत होत चाललंय. मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सोबत न्यावं का, हेही कळत नाही.

उत्तर : मत बदलण्याआधी बाक बदलून बघा.

तुम्ही जे लिहिलंय त्यात बागेचा दोष फार थोडा आहे. रविवारची संध्याकाळ, फाटकाजवळची जागा, कानात हेडफोन, फेऱ्यांची मोजदाद आणि वर मेसेज. जे भरून यावं म्हणून तुम्ही बागेत जाता, तेच या प्रत्येक गोष्टीत खर्च होतं. ते म्हणजे लक्ष.

आपलं लक्ष दोन तऱ्हांनी जातं. एक आपण मुद्दाम लावतो. आकडे तपासताना, गर्दीतून वाट काढताना, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानाआड करून मेल लिहिताना हेच लक्ष कामाला लागलेलं असतं. समोरचं बघायला जितका जोर लागतो, तितकाच बाकीचं सगळं दाबून धरायला लागतो. म्हणून दिवसभर खुर्चीत बसूनही माणूस शिणतो आणि संध्याकाळी एवढ्यातेवढ्यावरून चिडतो. दुसऱ्या तऱ्हेचं लक्ष आपोआप जातं, त्याला जोर लागत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८०च्या दशकात मांडलं ते असं : हलणारी पानं, वाहतं पाणी, सरकणारे ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, पण पुरतं अडकून पडत नाही. तेवढ्या वेळात पहिल्या तऱ्हेच्या लक्षाला विसावा मिळतो. जाहिरातीचा झगमगता पडदा आणि फोनवरचे व्हिडिओही लक्ष आपोआपच ओढतात, पण ते ओढून घेतात ते सगळंच. मागे स्वतःच्या विचाराला जागा राहत नाही. बाकावर बसून फोन चाळणं हे बागेत बसणं का नव्हे, याचं उत्तर यात आहे.

एक साधी गोष्ट करून बघा. ऊन असताना मोठ्या झाडाखाली बसा आणि जमिनीवरचे कवडसे निरखा. वर पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, कुठे त्रिकोणी, कुठे नुसती चीर, पण खाली पडलेले उजेडाचे ठिपके मात्र गोल नाहीतर लंबगोल. याचं कारण, प्रत्येक बारीक फट सुईच्या छिद्रासारखं काम करते आणि खाली पडतं ते सूर्याचं चित्र. खंडग्रास ग्रहण चालू असेल तेव्हा त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पसरतात. फट पाच मीटर उंचावर असेल तर ठिपका साडेचार-पाच सेंटिमीटरचा होतो. फांदी जितकी उंच, तितका ठिपका मोठा आणि फिका. वारा आला की सगळी नक्षी हलते, एकमेकींत मिसळते, पुन्हा सुटी होते. (ठिपक्याची रुंदी मोजून फांदीची उंची काढता येते, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. दिवसभर मोजामापीच चालू असते.) चार-पाच मिनिटं याकडे बघत बसलात की ‘आपोआप जाणारं लक्ष’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता बागेला समजूत म्हणायचं की नाही ते बघू. २००८ साली मिशिगनमध्येच एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून उलट्या क्रमाने म्हणायला लावले, मग पन्नास मिनिटांच्या आसपास चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावरून. परत आल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली. बागेतून आल्यावर आकडे जास्त लक्षात राहिले, रस्त्यावरून आल्यावर तितका फरक पडला नाही. यातली तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. काहींची फेरी कडाक्याच्या थंडीत झाली. त्यांना ती मुळीच आवडली नाही, तरी फायदा झालाच. म्हणजे बागेत ‘मजा आली नाही’ म्हणून फेरी फुकट गेली, असा हिशेब लावू नका. मजा हा वेगळा जमाखर्च आहे.

डोंगर आणि समुद्र चांगलेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? तीन? चार? थकवा मात्र रोज साठतो, आणि रोज साठणारी गोष्ट वर्षातून चारदा निघत नाही. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं बागेत बसलात तर वर्षाचे बावन्न तास होतात, तेही बॅग न भरता.

वीस मिनिटं हा आकडाही हवेतला नाही. २०१९ साली मिशिगनमधल्या ३६ शहरवासी लोकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं निसर्गाच्या सान्निध्यात काढायची. जागा आणि वेळ ज्याची त्याने ठरवायची. चाला किंवा बसा, तेही मर्जीवर. अटी मात्र पक्क्या होत्या : दिवसाउजेडी जायचं, घाम येईल असा व्यायाम नाही, फोन नाही, इंटरनेट नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, मोजलं. ते सर्वांत वेगाने उतरलं ते वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत. पुढे बसलं तरी फायदा होत राहतो, पण त्याचा वेग मंदावतो. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती १२० मिनिटं एका बैठकीतली की चार बैठकींतली, याने फरक पडला नाही. या दुसऱ्या अभ्यासाला कार्यकारण समजू नका. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच बाहेर जास्त पडतात, असंही असू शकतं. पण अंदाज म्हणून ठीक आहे : अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार फेऱ्या, किंवा सुरुवातीला वीस मिनिटांच्या तीन.

त्या अटी आणि तुमचा रविवार शेजारी शेजारी ठेवून बघा. तुम्ही तासभर देताय, पण त्यातला एकही तुकडा या अटींत बसत नाही. चालायला ना नाही. फक्त व्यायामाची फेरी आणि विसाव्याची बैठक वेगळ्या ठेवा. पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर असलं की चालणंही कामाच्या यादीत जाऊन बसतं.

आता जागेबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. लोक बाक निवडतात तो डोळ्यांनी : सावली आहे, रिकामा आहे, चला. बाक कानाने निवडायचा असतो. एक दिवस फक्त पाहणीसाठी द्या, विसाव्याची अपेक्षा न ठेवता. फोनमध्ये आवाज मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. त्याचा आकडा अगदी अचूक नसतो, पण एकाच फोनने एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतो. फाटकापाशी, मुख्य वाटेवर, मधल्या हिरवळीवर आणि सगळ्यात आतल्या कोपऱ्यात एकेक मिनिट हात स्थिर धरून वाचन घ्या. दहा डेसिबलचा फरक पडला की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. तेवढा फरक मिळाला तर जागा सापडली.

तो कुठे मिळेल याचा आडाखा असा. सतत वाहणाऱ्या रहदारीचा आवाज रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की साधारण तीन डेसिबलने उतरतो, आणि एकट्या हॉर्नचा सहाने. म्हणजे कुंपणापासून जेमतेम दहा मीटरवर असलेलं तुमचं बाकडं सोडून ऐंशी मीटर आत गेलात तर रहदारीची घरघर नऊ डेसिबलने कमी होईल आणि हॉर्न अठराने. ज्या हॉर्नला तुम्ही वैतागलात तोच आधी विरतो. पायाखाली फरशीऐवजी गवत किंवा माती असेल तर आणखी थोडी घट होते. कुंपणालगतच्या मेंदीसारख्या पातळ झुडपांवर मात्र विसंबू नका. त्यांनी रस्ता दिसायचा थांबतो, ऐकू यायचा नाही. झाडांनी खरोखर आवाज अडवायला साधारण तीस मीटर रुंदीचा दाट पट्टा लागतो, तेव्हा कुठे पाच-आठ डेसिबल कमी होतात. मातीचं टेकाड, उंच बांध किंवा एखादी इमारत हेच काम कितीतरी बरं करते. म्हणून बागेत जिथे जमीन खोलगट आहे, किंवा रस्ता आणि तुमच्यामध्ये उंचवटा येतो, तिथे आधी जाऊन बघा. आत गेल्याचा दुसरा फायदा हवेचा. वाहनांच्या धुराचं प्रमाणही रस्त्यापासूनच्या पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्येच झपाट्याने खाली येतं.

बाग रचणाऱ्यांना ही अडचण फार आधीपासून ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओमस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी केला. बाग ओलांडून जाणारे चार रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली नेले, ते आतल्या माणसाला गाड्या दिसू नयेत आणि चाकांचा खडखडाट त्याच्या कानी पडू नये म्हणूनच. मोटारगाडी तेव्हा जन्मायचीच होती! त्याच शहरात १९६७ साली झालेलं पेली पार्क इमारतींच्या फटीत बसवलेलं, एखाद्या अंगणाएवढं. तिथे मागच्या भिंतीवरून वीस फूट उंचीचा धबधबा सोडला आहे आणि रस्त्याचा आवाज त्या पाण्याखाली बुडतो. तुमच्या बागेत कारंजं चालू असेल तर त्याच्या जवळ बसा. डेसिबल उतरणार नाहीत, कदाचित वाढतीलही, तरी डोक्याला बरं वाटेल, कारण पाण्याच्या एकसुरी आवाजात कान काही शोधायला जात नाही. एवढ्यापुरतं ॲपचं ऐकू नका.

कुणी बघतंय असं वाटणं ही तुम्हाला लहान तक्रार वाटत असेल, पण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. सावध राहण्यात तेच मुद्दाम लावलेलं लक्ष खर्च होतं. मागे कोण आलं, तो माणूस दुसऱ्यांदा का गेला, हे टिपत बसलेल्या माणसाला निसर्गाचा कितीही मोठा डोस उपयोगी नाही. तेव्हा सर्वांत शांत जागा आणि सर्वांत निर्धास्त जागा एक नसतील तर निर्धास्त जागा घ्या. पाठीला झाडाचा बुंधा किंवा भिंत हवी आणि समोर मोकळं दिसायला हवं. माणसाला आपण झाकलेलं आणि समोरचं उघडं अशी जागा आवडते, ही मांडणी जे ॲपलटन या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली केली. पन्नास वर्षं होऊन गेली तरी बागेतले बाक पाठ उघडी टाकून वाटेच्या मधोमधच मांडलेले दिसतात. शिवाय बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात, माळी किंवा रखवालदार हाकेच्या अंतरावर असावा. आणखी एक खूण आहे. न्यूयॉर्कच्या चौकांत लोक कुठे बसतात याचं वर्षानुवर्षं चित्रीकरण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी १९८० साली लिहून ठेवलंय की जागा निवडताना बायका जास्त चोखंदळ असतात. ज्या जागी बायकांचं प्रमाण कमी, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं. पाहणीच्या दिवशी तेवढं बघून ठेवा. जिथे दोघी-तिघी आणि म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात, तो कोपरा तुमचा. तरीही मन खात असेल तर मैत्रिणीला घेऊन जा, पण आधीच ठरवा : पहिली वीस मिनिटं गप्प, मग काय ते बोलू.

हेडफोन काढायलाच हवेत. गाणं वाईट असतं म्हणून नव्हे, तर मागे कोण आहे ते ऐकू येत नाही आणि मान सारखी वळत राहते. फोनमध्ये पंचवीस मिनिटांचा गजर लावा, घरचा एक नंबर सोडून बाकी सगळे आवाज बंद करा आणि तो पिशवीच्या तळाशी टाका. खिशात किंवा मांडीवर नको. हात तिकडे जातोच.

पहिली दहा मिनिटं वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवतो. शांत बसल्याबरोबर राहिलेली कामं एकामागून एक डोकं वर काढतात, आणि ‘मला हे जमत नाही’ म्हणून लोक उठतात ते नेमके याच वेळी. कागदाचा चिठोरा आणि पेन्सिल बरोबर ठेवा. आठवलेलं काम एका ओळीत लिहा, चिठोरा घडी करून ठेवून द्या. दुसरं आठवलं तर दुसरी ओळ. पाचाच्या वर ओळी सहसा जात नाहीत. किती वेळ झाला हे कळायला पक्षी पुरतात. तुम्ही येऊन बसलात की जवळचे गप्प होतात किंवा उडून जातात. फारशी हालचाल न करता बसलात तर दहा-पंधरा मिनिटांत परत यायला लागतात. ते जवळ उतरायला लागले की पहिला टप्पा संपला असं धरा.

वेळेचं म्हणाल तर रविवार संध्याकाळ सोडा. गर्दी तेव्हाच सगळ्यात जास्त. आठवड्यातल्या दोन सकाळी आणि एक दुपार किंवा ऑफिसनंतरचा उजेडातला अर्धा तास, अशी विभागणी करा. थंडीतल्या वारा पडलेल्या सकाळी धूर जमिनीलगत कोंडून राहतो, त्या दिवसांत ऊन चढल्यावर जा. सूर्य मावळताना डास सुरू होतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पाऊस पडून गेल्यावरची वेळ उत्तम. धूळ बसलेली असते आणि माणसंही नसतात, फक्त ओल्या बाकासाठी प्लॅस्टिकची घडी जवळ ठेवा. विजा चमकत असतील किंवा सोसाट्याचा वारा असेल तर झाडाखाली थांबू नका. रिकाम्या पोटी जाऊ नका, पाणी घेऊन जा, आणि बागेतलं स्वच्छतागृह कुठे आहे, उघडं असतं का, हे पाहणीच्या दिवशीच बघून घ्या. असल्या क्षुल्लक कारणांनी बैठक मोडते आणि मग नाव बागेचं होतं.

ज्या आठवड्यात जाणं होणारच नाही, त्यात खिडकीकडे वळा. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. २३ जोड्या, एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. ऑफिसात झाड दिसेल अशी खुर्ची मिळत असेल तर ती मागून घ्या.

एक मर्यादा सांगायला हवी. सहा दिवसांच्या कामाचा भार बागेने हलका होत नाही. फक्त त्याचा शीण निघतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा आणि बाग त्याच्या जोडीला ठेवा.

मुलाचं. त्याला जरूर न्या, पण ती फेरी त्याची धरा, तुमच्या तीनमध्ये मोजू नका. सात वर्षांचं पोर झोपाळ्यावर असताना आईचं लक्ष कवडशांवर राहत नाही, आणि राहूही नये. त्याच्याबरोबर जाल तेव्हा बाक विसरा, त्याच्याच उंचीवर उतरा. एक दगड उलटा, खाली काय आहे ते दोघं बघा आणि दगड होता तसा ठेवून द्या. स्वतःसाठी एकटीला निघताच येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला बागेत बरोबर घ्या. वीस मिनिटं ते मुलाबरोबर खेळण्यांपाशी, तुम्ही आतल्या बाकावर, मग अदलाबदल. मुलाला फक्त तुमचं झाड कुठलं ते दाखवून ठेवा, म्हणजे तो शोधत फिरणार नाही.